एकाच नंबराची चौपन्न माणसं

गिरगाव,
४ जानेवारी

चि. संघर्ष,

आशीर्वाद आधी, टीका नंतर. शाळेतही आपला क्रम हाच होता.

तुझा निरोप मिळाला. निरोप कसला, तारच ती. "बाई नमस्ते, ॲप बनवतोय, डिजिटल व्हिजिटिंग कार्ड, मराठी चेक कराल का, अर्जंट, थँक्स." एवढ्या शब्दांत तू नमस्कार केलास, धंदा सांगितलास, काम सोपवलंस, घाई केलीस आणि आभार मानून मोकळाही झालास. माझ्या होकाराची वाट पाहायला जागाच उरली नाही. दहावीला संस्कृतात सत्त्याण्णव गुण मिळवणारा मुलगा हा. अर्थात ते कसे मिळवलेस ते मला ठाऊक आहे. भाषांतराचे उतारे तू अर्थासकट पाठ केले होतेस आणि परीक्षेत एक उतारा बदलून आला, तरी पाठ केलेलाच लिहून आलास. उरलेले तीन गुण तिथे गेले.

काम मी करीन. मोबदला नको. अट एकच, मला पत्रं लिहायची. ईमेलने चालतील, पण पूर्ण वाक्यांची, ज्यांत कर्ता आणि क्रियापद एकमेकांना भेटतात अशी. फोनवर मी नुसतं "बरं, बरं" म्हणते आणि फोन ठेवल्यावर मला बोलायचं आठवतं.

तू पाठवलेली ॲपच्या पडद्यांची एकोणीस चित्रं पाहिली. "आपली प्रोफाइल संपन्न करा" हे कुणी लिहिलं? प्रोफाइल संपन्न होत नाही, समारंभ संपन्न होतात. "राहिलेली माहिती भरा" म्हण. "स्किप"ला "नंतर बघू" हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तयार आहे. आणि ॲपचं नाव "नेटवर्क प्रो" ठेवलंस तर तुझ्या चाळीतली माणसं ते इंटरनेटचं दुकान समजतील. "हातोहात" कसं वाटतं?

एक मात्र कळलं नाही. "प्रोफेशनल्ससाठी" असं तू लिहिलं आहेस. म्हणजे नक्की कुणासाठी? मला माणसं सांग, मग मी शब्द सांगेन.

तुझी,
कालिंदी रेगे


नायगाव,
७ जानेवारी

आदरणीय बाई,

नमस्कार. पूर्ण वाक्यांत लिहितोय. पहिला परिच्छेद तीनदा खोडला.

"हातोहात" एकदम फायनल. माझा पार्टनर मयूर म्हणाला, एवढं सोपं नाव आपल्याला कसं सुचलं नाही. मी म्हटलं, आपण इंजिनिअर आहोत.

माणसं सांगतो. वायरमन, प्लंबर, रंगारी, जाळी बसवणारे, मांडववाले, जेवणाच्या ऑर्डरी घेणाऱ्या बायका. आपल्या नायगाव-परळ-लालबागमधली. हे लोक शंभर कार्डं छापतात, चार महिन्यांत नंबर बदलतो, कार्डं ड्रॉवरमध्ये पिवळी पडतात. माझ्या ॲपमध्ये माणसाच्या हत्यारांच्या पिशवीवर एक चौकोनी स्टिकर असेल. गिऱ्हाइकाने फोन धरला की कार्ड त्याच्या फोनमध्ये. नंबर बदलला तर तिथलाही आपोआप बदलतो.

आता खरी गोष्ट. मी नोव्हेंबरमध्ये नोकरी सोडली. छोट्या कारागिरांचा एक संघ आहे, बाराशे सभासदांचा. त्यांचा दादरला २२ फेब्रुवारीला मेळावा आहे. तिथे दोनशे कार्डं नीट चालवून दाखवली तर ते ॲप घेतील. नाही जमलं, तर गुरुग्रामच्या एका कंपनीचं पत्र माझ्याकडे येऊन पडलंय. त्यांना २४ तारखेपर्यंत हो किंवा नाही कळवायचंय.

मला जायचं नाहीये, बाई. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. चाळ पाडली, आम्हाला नव्या टॉवरमध्ये सतराव्या मजल्यावर घर मिळालं. घर झकास आहे, पण आईला करमत नाही. सकाळी आठला फोन घेऊन खाली जाते आणि वॉचमनच्या बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसते. दिवसभर कोणा ना कोणाशी फोनवर बोलत असते. मी बोलायला गेलो की म्हणते, थांब रे, फोन येतोय. एकटेपणा आहे, दुसरं काय. तिला मी गुरुग्रामचं सांगितलं तर म्हणाली, जा, मी काय लहान आहे? पण त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं.

पहिलं कार्ड तिचंच बनवणार होतो. ती म्हणाली, माझं कशाला, मी काय धंदा करते?

आपला विद्यार्थी,
संघर्ष गमरे


गिरगाव,
१३ जानेवारी

चि. संघर्ष,

या खेपेस कर्ता, कर्म, क्रियापद सगळे हजर होते. गैरहजर फक्त स्वल्पविराम. चालेल.

हातोहात मी माझ्या फोनवर घेऊन पाहिलं. "व्यवसाय" या रकान्यात मी "संस्कृत" लिहिलं. त्यावर ॲपने विचारलं, "घरपोच सेवा देता का?" छत्तीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी "हो" दाबलं आहे. बघू कोण बोलावतं.

"लॉग आउट"ला मी "येतो" सुचवते. आपण निघताना "जातो" म्हणत नाही.

कुणी लबाडी केली तर कार्ड बंद करण्याची सूचना कडक हवी, असं तू फोनवर म्हणालास. ही घे: "आपल्या क्रमांकाच्या वापराविषयी साधार संशय निर्माण झाल्याने आपले कार्ड स्थगित करण्यात येत आहे. समाधानकारक खुलासा अपेक्षित." आमच्या मुख्याध्यापकांच्या मेमोंची भाषा आहे. ती वाचून निर्दोष माणसालाही आपण काहीतरी केलं असावं असं वाटतं.

तुझ्या कारागिरांचं म्हणशील, तर मला त्यांची कधी अडचण पडली नाही. शाळेतल्या शिपायाने बऱ्याच वर्षांपूर्वी एक नंबर दिला होता, तो मी "नळ" नावाने ठेवला आहे. फोन केला की एक बाई उचलतात. "मनू साडेअकराला येईल, बादली भरून ठेवा," म्हणतात आणि मनू साडेअकराला येतो. त्या बाईंच्या आवाजात असं काही आहे की अकरा एकतीसला यायची त्याची छाती होत नसावी. एकदा चुकून त्यांनाच पंख्याचं विचारलं, तर त्यांनी वायरमनही पाठवला. मोठी कंपनी असणार.

आईची काळजी करतोस हे बरं आहे. पण दिवसभर फोनवर बोलणारी बाई एकटी असते, हे तुला कुणी सांगितलं? मी एकटी आहे, आणि माझा फोन वाजत नाही.

कालिंदी रेगे


नायगाव,
२७ जानेवारी

आदरणीय बाई,

नमस्कार. दोनशे तीन कार्डं झाली. पंधरा दिवस मी आणि मयूर सकाळी नाक्यानाक्यावर उभे होतो. मी फोटो काढायचो, नाव आणि काम विचारायचो. नंबर मयूर टाइप करायचा. नंबर खरा आहे का ते तपासायचं काम मेळाव्यानंतर करू असं ठरवलं, नाहीतर रांग पुढे सरकली नसती.

"येतो"चा घोटाळा झाला. लोक आत यायला "येतो" दाबतात आणि बाहेर पडतात. एक रंगारी सात वेळा आला आणि सात वेळा गेला. बदलून "बंद करा" केलंय. सॉरी.

पण खरी भानगड वेगळीच आहे. काही लोकांनी चुकून दोनदा नाव दिलं असेल, म्हणून मी एक नियम लिहिला: एक नंबर म्हणजे एक माणूस. एकाच नंबरची दोन कार्डं असतील तर ती एकत्र करायची. काल तो चालवला आणि दोनशे तीनची दीडशे झाली. एका नंबरवर चौपन्न माणसं निघाली, बाई. प्लंबर, वायरमन, रंगारी, लेझीम पथक, सगळी नायगावची. त्यांची मिळून एकच व्यक्ती तयार झाली, जिला नळ दुरुस्तीचा, पंगत वाढण्याचा आणि झांजा वाजवण्याचा एकूण सहाशे वर्षांचा अनुभव आहे.

हा सरळ दलाल आहे. गरीब माणसांच्या कार्डांवर आपला नंबर टाकून मधल्या मधे कमिशन खाणारा. आणि संघाचे सेक्रेटरी धोंडू पालव, पालवकाका, यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की संघ काढलाच दलालांना हाकलायला. एक जरी दलाल दिसला तर ॲप परत घेऊन जा.

मी तो नंबर ब्लॉक केला. चौपन्न कार्डं बंद. तुमचं वाक्य त्या नंबरवर गेलंय. जबरदस्त वाक्य आहे.

आता एकशे एकोणपन्नास उरली. आणि गंमत म्हणजे कालपासून नायगावात कोणी नवीन कार्ड काढायलाच तयार नाही. नाक्यावर मला बघितलं की पोरं चहा टाकून कामाला जातात. मनू प्लंबरने तर तोंड फिरवलं, मी लहान होतो तेव्हा त्याच्या खांद्यावर बसून मी मिरवणूक बघायचो.

संघर्ष


गिरगाव,
३० जानेवारी

चि. संघर्ष,

माझं वाक्य कामी आलं हे ऐकून मला नको इतका आनंद झाला. छत्तीस वर्षं सुभाषितं शिकवली, पण कुणाचं काही बंद पडलं नव्हतं.

तरी एक शंका. लबाडाला पकडलं की लोक खूश होतात. तुझे लोक रागावले आहेत. म्हणजे त्यांना काहीतरी माहीत आहे, जे तुला नाही. तू विचारलंस का कुणाला, की माझ्याशी का बोलत नाही? विचारलं नसणार. तू उतारा वाचत नाहीस, ओळखतोस.

तो नंबर मला पाठव. त्या गृहस्थाशी मी माझ्या भाषेत दोन वाक्यं बोलून घेते.

कालिंदी रेगे


नायगाव,
२ फेब्रुवारी

कालिंदीबाईंना बकुळा राजाराम गमरे यांचा सप्रेम जयभीम.

शनिवारी तुमचा फोन आला आणि तुम्ही काही न बोलता ठेवून दिलात. मग परत आला. तुम्ही म्हणालात, अहो, मी गिरगावच्या नळवाल्या रेगेबाई, आणि संघर्षच्याही बाई; त्याने दिलेला नंबर माझ्याकडे "नळ" नावाने निघाला, दिवसभर फोनवर असते ती त्याची आई तुम्हीच ना? मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. तेव्हा संघर्ष बाजूला जेवत होता, म्हणून बोलता आलं नाही. पोस्टाने लिहिते. अक्षर सांभाळून घ्या, माझी सातवी झाली आहे.

तुमचं ते वाक्य आलं. साधार संशय म्हणजे काय ते मला समजतं. राग नाही आला, पण दोन घास कमी गेले.

माझे मालक वायरमन होते. दिवसभर शिडीवर. एक हात वायरला, एक हात भिंतीला, फोन कुठल्या हाताने उचलणार? गिऱ्हाईक एकदा फोन करतं, दोनदा करत नाही. म्हणून ते माझा नंबर देत. मग त्यांचे दोस्त देऊ लागले. मनू गटारात उतरलेला असतो, रंगाऱ्याचे हात भरलेले असतात. पूर्वी चाळीत एकाच खोलीत टेलिफोन होता, तेव्हा सगळ्यांच्या चिठ्ठीवर तोच नंबर, पुढे पीपी लिहिलेलं, म्हणजे शेजारचा फोन, बोलावून द्या. तसंच समजा. मालक गेले तरी फोन येत राहिले. वर्षभर लोक त्यांचंच नाव घ्यायचे. मी सांगायची, ते नाहीत आता, पण मनू आहे, सुभाष आहे, पाठवते.

आता टॉवरमध्ये सगळे वेगवेगळ्या मजल्यांवर गेले. म्हणून सकाळी खाली बसते. कामाला जाताना सगळे त्या गेटनेच जातात, ज्याचं त्याला सांगून टाकते. पैसे घेत नाही. कोणी चहा आणून देतो.

संघर्षला हे माहीत नाही. माहीत झालं तर म्हणेल, आई, आता आराम कर. आणि दुसरं असं की त्याचं ॲप तेच काम करणार. ते चाललं तर तो इथे राहील. मग मधे मी कशाला? मी सगळ्यांना सांगितलं होतं, ॲपमध्ये आपापला नंबर द्या, माझा देऊ नका. पण माणसांना स्वतःचा नंबर पाठ नाही, माझा पाठ आहे. तोच बोलून गेले.

मी नंबर बंद करणार आहे. तुम्ही त्याला काही सांगू नका. त्याला वाईट वाटेल आणि तो गुरुग्रामला जाईल. तुमचा नळ गळत असेल तर त्याआधी कळवा.

बकुळा गमरे


गिरगाव,
४ फेब्रुवारी

सौजन्यमूर्ती बकुळाताईंना नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. ते वाक्य माझं होतं, त्याची लाज माझी. इतकी वर्षं शब्द जपून वापरावेत असं वर्गात सांगितलं, आणि स्वतः एक वाक्य केवळ ते भारदस्त वाजतं म्हणून लिहून दिलं.

संघर्षला मी काहीही सांगणार नाही. शब्द देते. मात्र नंबर दहा दिवस बंद करू नका. एवढं माझं ऐका. बेसिनचा नळ थेंब थेंब गळतोय, हे खोटं नाही.

कालिंदी रेगे


गिरगाव,
४ फेब्रुवारी

चि. संघर्ष,

त्या दलालाशी माझं बोलणं झालं. काय झालं ते सांगायचं नाही असं मी वचन दिलं आहे, आणि वचन मी पाळते.

तुला एक स्वाध्याय देते. तो नंबर कागदावर लिही. मग तुझ्याच फोनवर एकेक आकडा दाबून लाव. कॉपी करून चिकटवायचा नाही. ब्लॉक करण्याआधी तू त्याला एकदाही फोन केला नव्हतास, बरोबर ना?

उत्तर मला नको.

कालिंदी रेगे


नायगाव,
७ फेब्रुवारी

बाई,

उत्तर नको म्हणालात, तरी लिहितोय.

परळला मयूरच्या घरी बसून नंबर दाबला. दहावा आकडा दाबला आणि स्क्रीनवर "आई" आलं. मला वाटलं, सवयीने दुसरीकडेच बोट गेलं. परत दाबला. परत आई. तिकडून आवाज, "काय रे, जेवलास का?" मी म्हटलं, हो. आणि ठेवला.

मला माझ्या आईचा नंबर माहीत नव्हता, बाई. मी नाव दाबतो. नायगावातल्या चौपन्न माणसांना तो पाठ आहे आणि मला नाही. बाकी सगळ्यांनी काय विचार केला असेल? राजारामचा पोरगा आईवरच संशय घेतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तिच्या मागून खाली गेलो आणि पाण्याच्या टाकीपाशी उभा राहिलो. पाऊण तास बघत होतो. लोक येत होते, ती कागदात न बघता सांगत होती. तू दादर, साडेदहा, लिफ्ट बंद आहे, सामान कमी ने. तू परळ, त्या आजींना ऐकू येत नाही, बेल दाबत बसू नको, खिडकीतून हाक मार. सुभाष, तुझ्या त्या कॉटन ग्रीनच्या गिऱ्हाइकाला मी उद्याचं सांगितलंय, आज पोराला दवाखान्यात ने. हे माझ्या ॲपच्या कुठल्याच रकान्यात नाही.

मग तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. तिने बघितलं आणि समजली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"बाबा शिडीवर असायचे तेव्हापासून."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस काय? तू विचारायचास, जेवलीस का. त्याचं उत्तर मी दिलं."

मी त्या मेसेजची माफी मागितली. ती म्हणाली, ते तुझ्या बाईंनी लिहिलेलं, मला लगेच कळलं, तू एवढं शुद्ध लिहीत नाहीस. मग म्हणाली, हे बघ, मी नंबर बंद करते. कोणाची पंचाईत होणार नाही, त्यांना तुझं ॲप आहे. तू फक्त इथे राहा.

मी मयूरला बोलावून घेतलं. वर जाऊन मी आणि मयूरने उरलेल्या एकशे एकोणपन्नास लोकांना कामाच्या वेळेत एकेक फोन लावला. एकतीस जणांनी उचलला. बाकीचे शिडीवर, गटारात, कुठेतरी. म्हणजे माझी कार्डं हातोहात पोचणार आणि पुढे काहीच होणार नाही. आईकडे लावलेले चौपन्नच्या चौपन्न लागतात.

खाली येऊन तिला सांगितलं, "तू फोन बंद केलास तर माझं ॲप रिकामं आहे."

ती म्हणाली, "मग बंद कशाला करू?"

चौपन्न कार्डं चालू केली. कार्डावर आता दोन जागा करतोय, एक काम करणाऱ्याची, एक फोन उचलणाऱ्याची. त्या एकतीस जणांना विचारलं तर अशा आणखी सहा बायका कळल्या. लालबागला मसाला कांडपवाली सीमावहिनी, तिच्याकडे अकरा सुतार. पण पालवकाकांना ही सगळी दलालच वाटणार. पंधरा दिवस आहेत. मयूर म्हणतो, मेळाव्यापुरती दुसरी जागा लपवून ठेवू. तुम्ही काय म्हणाल? आणि त्या दुसऱ्या जागेसाठी शब्द कोणता लिहू?

संघर्ष


गिरगाव,
१० फेब्रुवारी

चि. संघर्ष,

लपवू नकोस. लपवलेलं सापडलं की ते लबाडी ठरतं आणि उघड ठेवलेली गोष्ट लोक निदान बघतात तरी. पालव नाही म्हणाले तर तू गुरुग्रामला जाशील. वाईट होईल, पण आईला कार्डामागे दडवून इथे राहिलास, तर ते सतराव्या मजल्यावर रोज तुमच्या दोघांच्या ताटात येईल.

शब्द विचारला आहेस. मी "संपर्कसाहाय्यिका" लिहिलं, खोडलं. "निरोपधारिणी" लिहिलं, ते तर लिहितानाच खोडलं. शेवटी तुझ्या आईंना फोन करून विचारलं, तुम्ही काय करता? त्या म्हणाल्या, फोन उचलते. तेच लिही. "फोन उचलणार: बकुळा गमरे." माझ्या पदवीचा उपयोग झाला नाही, याची मला हल्ली सवय होते आहे.

मनू काल साडेअकराला येऊन गेला. नळ थांबला. तुझ्याबद्दल विचारत होता. त्याला म्हटलं, तूच जाऊन बोल.

कालिंदी रेगे


नायगाव,
२३ फेब्रुवारी

आदरणीय बाई,

रविवार असूनही शाळेत शिष्यवृत्तीची परीक्षा होती, म्हणून तुम्हाला येता आलं नाही. काल काय झालं ते क्रमाने लिहितो.

हॉल भरला होता. आई तिसऱ्या रांगेत, सीमावहिनीशेजारी. तिला म्हटलं होतं, फोन सायलेंटवर ठेव. ती म्हणाली, मग उचलणार कशी?

पालवकाका म्हणाले, तू निवडलेलं कार्ड नको, मी निवडतो. पहिल्या रांगेतून त्यांनी मनूची पिशवी उचलली आणि फोन धरला. कार्ड मागच्या पडद्यावर आलं. मनू घाग, नळदुरुस्ती. खाली, फोन उचलणार: बकुळा गमरे. त्यांनी चष्मा वर केला आणि माइकवरच विचारलं, "ही मधली बाई कोण? संघात दलाल चालत नाही, तुला सांगितलं होतं." मी म्हटलं, काका, फोन लावून बघा.

त्यांनी लावला. तिसऱ्या रांगेत वाजला. आईने पर्समधून काढला आणि पदर तोंडाशी धरून हळू बोलायला लागली, जशी कोणाच्या सभेत बोलतात तशी. तिला वाटलं खरंच गिऱ्हाईक आहे, स्टेजकडे तिचं लक्षच नव्हतं. पण काकांचा फोन माइकजवळ. आईचा हळू आवाज स्पीकरमधून सगळ्या हॉलमध्ये.

"बोला. मनू आज काम घेत नाही, रविवार आहे. गळतंय की तुंबलंय?"

काका म्हणाले, "तुंबलंय." मला वाटलं नाटक करतायत. खरंच तुंबलं होतं, बाई.

"कधीपासून?"

"चार दिवस झाले."

"मग चार दिवस काय करत होतात?"

"दोघांना फोन केले. उचलत नाहीत."

हॉल हसायला लागला. आईला वाटलं कोणीतरी स्टेजवर विनोद केला, तिने दुसरा कान बोटाने बंद केला. म्हणाली, उद्या साडेदहा, पत्ता सांगा, आणि सिंकखालचं सामान आधी काढून ठेवा, मनूला डबे उचलायला लावू नका. काकांनी माइकवर स्वतःचा पूर्ण पत्ता सांगितला. मग विचारलं, "बाई, तुम्ही याचे किती घेता?"

"मनूचे मनूला द्या. ते तो सांगेल."

"तुमचे विचारतोय. फोन उचलायचे."

आई म्हणाली, "फोन उचलायचे कोण पैसे घेतं?"

काकांनी फोन खिशात ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती दुसरी जागा आमच्या फॉर्मवर पण छापून घ्या." एवढंच. तेव्हा आईने स्टेजकडे बघितलं, सीमावहिनीला काहीतरी विचारलं आणि फोन पर्समध्ये ठेवून पर्स मांडीखाली लपवली.

सगळे बाराशे नाही. नायगाव, परळ आणि लालबागचे मिळून तीनशे सभासद, एक वर्षासाठी. जमलं तर पुढे. घर चालेल एवढं आहे. आज दुपारी गुरुग्रामला नकार कळवला. आईला सांगायला खाली गेलो. ती म्हणाली, "बरं झालं. बाजूला हो, पालवांचा फोन येतोय."

मनू साडेदहाला गेला होता. काकांनी डबे काढून ठेवले होते.

आपला,
संघर्ष


गिरगाव,
१ मार्च

चि. संघर्ष,

तुझं पत्र मी शिक्षकांच्या खोलीत वाचत होते. "तुंबलंय" इथे मला हसू आवरेना आणि गणिताच्या बाईंनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, माझा एक विद्यार्थी पास झाला.

नापास होणारे गुरुग्रामला जातात असं मात्र कुठे म्हणू नकोस. तिथेही माणसांचे नळ गळत असतील.

आता माझी तक्रार. ॲपमध्ये मी "घरपोच सेवा" ला हो दाबलं होतं, ते कुणीतरी पाहिलेलं दिसतं. खोताच्या वाडीत जुन्या लाकडी घरांची दुरुस्ती करणारा अभय सुतार आहे. गेल्या आठवड्यात तो वाटेत भेटला. म्हणाला, बाई, सकाळची शाळा सुटली की तुम्ही दुपारी घरीच असता ना? तो आपलं सहज विचारतोय असं समजून मी हो म्हटलं. परवा एका डिसोझाबाईंचा फोन आला, जिन्याची पायरी कुरकुरते. काल कुणा पाठाऱ्यांचा, खिडकी बसत नाही. अभयच्या कार्डावर तुझ्या त्या दुसऱ्या जागेत माझं नाव आहे, आणि मला ते तिसऱ्या माणसाकडून कळलं.

तुझ्या आईंना फोन केला, म्हटलं, आता काय करू? त्या म्हणाल्या, आधी वेळ सांगा, मग पत्ता विचारा, आणि "बघते" कधी म्हणू नका. म्हणून पाठाऱ्यांना मी ठणकावून सांगितलं आहे, उद्या सकाळी नऊ. आणि आता चपला घालून खोताच्या वाडीत निघाले आहे. अभयला हे सांगायला हवं ना. तो फोन उचलत नाही.

कालिंदी रेगे